लघवीच्या इन्फेक्शनचा कोर्स संपला, तरी त्रास का राहतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोळ्या संपतात, ताप नसतो, कामाला सुरुवातही होते. पण लघवीच्या शेवटी चुरचुरतं, ओटीपोटात जडपणा वाटतो, नुकतंच जाऊन आलं तरी पुन्हा जावंसं वाटतं. मग रात्री झोप लागत नाही आणि डोक्यात एकच विचार फिरतो: इन्फेक्शन किडनीत तर गेलं नसेल? दवाखान्यात ही भीती आम्ही रोज ऐकतो. बहुतेक वेळा ती अनाठायी निघते, काही वेळा मात्र नाही. ओळखायचं कसं, ते इथे सविस्तर लिहिलं आहे. एक गोष्ट आधीच ठामपणे सांगते: पहिल्या कोर्सनंतर त्रास उरला, तर अंदाजाने दुसरी अँटिबायोटिक सुरू करू नका. आधी लघवीचं कल्चर करा.

औषध सुरू केल्यावर किती दिवसांत बरं वाटायला हवं?

साध्या मूत्राशयाच्या इन्फेक्शनमध्ये दोन ते तीन दिवसांत स्पष्ट फरक पडतो. आधी जळजळ कमी होते, वारंवार जावं लागणं त्यानंतर हळूहळू आटोक्यात येतं. कोर्स संपल्यावरही आठवडाभर थोडी चुरचुर, थोडा जडपणा राहू शकतो. कालच्यापेक्षा आज कमी आहे का, एवढंच रोज बघायचं. कमी होत असेल तर थांबायला हरकत नाही. ४८ तास औषध घेऊनही तसूभर फरक नसेल किंवा त्रास वाढत असेल, तर कोर्स संपायची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा.

फॉस्फोमायसिनची ३ ग्रॅमची एकच पुडी घेतलेल्यांना दुसऱ्या दिवशी वाटतं, औषध लागू पडलं नाही. ते औषध पुढचे दोन-तीन दिवस लघवीत टिकून काम करत असतं. तेवढा वेळ त्याला द्या.

जंतू मेले असतील तर मग जळजळ कशाची?

जंतूंशी लढताना मूत्राशयाचं आतलं अस्तर सुजतं आणि तिथल्या नसा हळव्या होतात. एरवी ३०० मिलिलिटर लघवी साठली तरी जी नस गप्प असते, ती आता शंभरालाच बोलावते. सर्दी-ताप गेल्यावर खोकला जसा रेंगाळतो, तसंच हे आहे. त्यात पाणी कमी प्यायलं, दिवसाला चार-पाच कप चहा झाला, झणझणीत मिसळ खाल्ली, तर या हळव्या अस्तराला जास्त टोचतं. पंधरा दिवस चहा-कॉफी, कोल्ड्रिंक आणि तिखट कमी करून बघा. सगळ्यांना उपयोग होतोच असं नाही, पण ज्यांना होतो त्यांना चांगलाच होतो.

लगेच डॉक्टरांकडे कधी जायचं?

थंडी वाजून ताप, बरगडीखाली पाठीत किंवा कुशीत दुखणं, उलट्या: यातलं काहीही असेल तर इन्फेक्शन किडनीपर्यंत पोचल्याची शक्यता असते. त्याच दिवशी दाखवा, सकाळची वाट बघू नका. लघवी अजिबात होत नसेल, थेंब थेंबच येत असेल किंवा लघवीत डोळ्यांना दिसेल असं रक्त असेल तरी तसंच.

काही जणांनी तर किरकोळ त्रासालाही थांबू नये: गरोदर बाई, डायबेटिस असलेले, एकच किडनी असलेले, किडनी बदललेले, कॅथेटर लावलेले, आणि लहान मुलं. घरातले आजी-आजोबा अचानक असंबद्ध बोलायला लागले, जेवेनासे झाले, अंग गरम लागलं, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. कारण लघवीचं असो वा दुसरं, तपासणी त्याच दिवशी व्हायला हवी.

कल्चर म्हणजे नक्की काय? रूटीन रिपोर्ट पुरेसा नाही का?

रूटीन तपासणीत पेशी दिसतात. जंतू कोणता आणि तो कोणत्या औषधाने मरतो हे कळत नाही. कल्चरमध्ये लघवीतले जंतू वाढवून त्यांच्यावर औषधं तपासतात, म्हणून रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात. बहुतेकदा जंतू निघतो ई. कोलाय, आपल्याच आतड्यातला. आपल्याकडे अनेक ई. कोलाय नॉरफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या जुन्या, सवयीच्या गोळ्यांना दाद देत नाहीत. त्यामुळे एखाद्या मैत्रिणीला जी गोळी लागू पडली, ती तुम्हाला पडेलच असं नाही.

नमुना कसा दिला यावर सगळा रिपोर्ट अवलंबून असतो आणि हे लॅबमध्ये कुणी नीट सांगत नाही. हातात डबी देतात आणि कोपऱ्यातल्या अंधाऱ्या बाथरूमकडे बोट दाखवतात. तर असं करा: हात धुवा. झाकण उघडून उलटं न ठेवता हातातच धरा, डबीच्या आत बोट लावू नका. लघवीची जागा नुसत्या पाण्याने धुवा, बायकांनी दोन बोटांनी बाजूची त्वचा फाकवून धरा. सुरुवातीची धार सोडून द्या, मधली धार डबीत घ्या, शेवटची पुन्हा सोडा. पाळी चालू असेल तर तसं सांगा. नमुना दोन तासांत लॅबमध्ये पोचायला हवा. तेवढ्यात जमत नसेल तर फ्रीजमध्ये ठेवा. उन्हात डिकीत ठेवून दुपारी नेलेल्या डबीत भलतेच जंतू वाढतात आणि मग नको ती औषधं सुरू होतात.

आणि नमुना नवीन अँटिबायोटिक सुरू करण्याआधी द्या. एक डोस घेऊन दिलेल्या नमुन्यात जंतू न दिसणं म्हणजे जंतू नव्हते असं ठरत नाही. फार ताप असेल तर डॉक्टर नमुना घेऊन लगेच औषध सुरू करतील आणि रिपोर्ट आल्यावर गरज पडल्यास बदलतील.

त्रास गेला, पण रिपोर्टमध्ये ‘पस सेल्स ८-१०’ आहेत. पुन्हा औषध घ्यायचं का?

नाही. त्रास नसेल तर पस सेल्सवर (म्हणजे लघवीत दिसणाऱ्या पांढऱ्या पेशींवर) औषध घ्यायचं नसतं. इन्फेक्शन गेल्यावरही काही दिवस त्या दिसू शकतात, अंगावरून पांढरं जात असेल तर त्यातूनही नमुन्यात येतात. खरं तर त्रास पूर्ण गेला असेल तर खात्रीसाठी पुन्हा तपासणी करायचीच गरज नसते. त्रास नसताना कल्चरमध्ये जंतू निघाले तरी सहसा उपचार करत नाहीत. महत्त्वाचे अपवाद दोन: गरोदरपण, आणि मूत्रमार्गावर होऊ घातलेली काही ऑपरेशनं.

मेडिकलवाल्याने ‘जरा स्ट्राँग’ गोळी दिली आहे. घेऊ का?

घेऊ नका. पाकिटावर उभी लाल रेघ दिसते ना? ती गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही, हे सांगण्यासाठी ती आहे; आरोग्य मंत्रालयाने त्याबद्दलची मोहीम २०१६ साली सुरू केली. ‘स्ट्राँग’ असं काही नसतं. जंतूला लागू पडणारं औषध असतं, नाहीतर न पडणारं.

सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन या जातीच्या गोळ्यांबद्दल जास्तच काळजी वाटते. त्यांनी स्नायूबंध आणि नसांना इजा होऊ शकते, म्हणून दुसरा पर्याय असताना साध्या इन्फेक्शनला त्या वापरू नयेत असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१६ मध्येच दिला. आपल्यासाठी आणखी एक कारण आहे. या गोळ्या टीबीच्या जंतूंवरही थोडंफार काम करतात. मूत्रमार्गाचा टीबी असलेल्या माणसाला त्यांनी दोन आठवडे बरं वाटतं, निदान मात्र कित्येक महिने लांबतं.

मी औषध नीट घेतलं. माझं काही चुकलं का?

बहुतेकदा रुग्णाचं काहीच चुकलेलं नसतं. तरी दोन-तीन गोष्टी तपासून बघा. नायट्रोफ्युरँटॉइन जेवणाबरोबर घ्यावं लागतं. उपाशीपोटी कमी शोषलं जातं आणि मळमळतंही. ते लघवी थोडी आम्लधर्मी असताना चांगलं काम करतं. आणि आपल्याकडे याच गोळीच्या जोडीला जळजळ थांबवणारं गोड सिरप सर्रास दिलं जातं, जे लघवी अल्कली करतं. दोन्ही चिठ्ठीवर असतील तर डॉक्टरांना विचारा, ‘सिरप घ्यायलाच हवं का?’ हा प्रश्न विचारण्यात काही उद्धटपणा नाही. मॅग्नेशियमचं अँटासिडसुद्धा या गोळीबरोबर एकाच वेळी घेऊ नका.

या गोळीने लघवी गडद पिवळी किंवा तपकिरी होते. घाबरू नका, औषध थांबलं की रंग पूर्वीसारखा होतो.

कल्चर स्वच्छ आलं, तरी जळजळ आहे. मग आता काय?

इथेच माणसं सगळ्यात जास्त भरकटतात. ‘नो ग्रोथ’ आलं की एक तर कुणी म्हणतं ‘तुम्हाला काही झालेलंच नाही’, नाहीतर कुणी चौथी अँटिबायोटिक लिहून देतं. दोन्ही चूक. कल्चर स्वच्छ आलं, की त्रासाचं कारण दुसरीकडे शोधायचं असतं.

सगळ्यात आधी विचार करायचा तो बुरशीचा. अँटिबायोटिकने योनीतले चांगले जंतूही मरतात आणि बुरशी फोफावते. खाज, दह्यासारखं पांढरं जाणं आणि लघवी बाहेरच्या त्वचेला लागली की होणारी आग ही तिची लक्षणं. आत जळतं की बाहेर, एवढं नीट सांगितलंत तरी डॉक्टरांचं अर्धं काम होतं. उपचार सोपा आहे. गरोदरपणात मात्र यासाठीची तोंडाने घ्यायची गोळी स्वतःहून घेऊ नका.

लैंगिक संबंधांतून येणारे क्लॅमिडिया, गोनोरिया, ट्रायकोमोनास असे संसर्ग लघवीच्या नेहमीच्या कल्चरमध्ये दिसत नाहीत. त्यांच्या तपासण्या वेगळ्या आहेत. विचारलं की चारित्र्यावर संशय घेतला असं वाटतं, पण विचारणं डॉक्टरांचं काम आहे आणि खरं उत्तर मिळालं तर एका कोर्समध्ये प्रश्न सुटतो. जोडीदाराचा उपचारही बरोबरीने करावा लागतो.

पाळी गेलेल्या बायकांमध्ये इस्ट्रोजेन कमी झाल्याने योनीची आणि मूत्रमार्गाची त्वचा पातळ, कोरडी होते. जळजळ, घाई, संबंधाच्या वेळी दुखणं, आणि वरचेवर इन्फेक्शन. योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम यावर उत्तम काम करतं आणि इन्फेक्शन परत येण्याचं प्रमाणही कमी करतं. साठीतल्या कितीतरी बायका वर्षानुवर्षं अँटिबायोटिकवर काढतात आणि या क्रीमबद्दल त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. याचं मला फार वाईट वाटतं. स्तनांचा कॅन्सर होऊन गेला असेल तर मात्र आधी त्या डॉक्टरांशी बोला.

मुतखडा हे आपल्याकडचं नेहमीचं कारण. मूत्रनलिकेच्या अगदी खालच्या टोकाला अडकलेला खडा हुबेहूब इन्फेक्शनसारखा त्रास देतो. सोनोग्राफी करून घ्या.

टीबी विसरू नका. लघवीत पस सेल्स भरपूर, कल्चर पुन्हा पुन्हा स्वच्छ, सोबत वजन उतरणं, संध्याकाळचा बारीक ताप किंवा लघवीत रक्त. असं असेल तर पहाटेच्या पहिल्या लघवीचे नमुने टीबीसाठी तपासायला सांगा. छाती स्वच्छ असली तरी मूत्रमार्गाचा टीबी असू शकतो. सरकारी टीबी केंद्रात तपासणी आणि औषधं मोफत मिळतात.

हे काहीच नसेल आणि सहा आठवड्यांहून जास्त काळ मूत्राशय भरलं की दुखतं, रिकामं झालं की बरं वाटतं, तर ‘ब्लॅडर पेन सिंड्रोम’चा विचार होतो. काही जणींमध्ये दुखण्याच्या भीतीने ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सतत आवळलेले राहतात आणि तेच दुखत असतात. त्यासाठी फिजिओथेरपी आहे. यात स्नायू सैल सोडायला शिकवतात, त्यामुळे कुठेतरी वाचून आवळण्याचे व्यायाम सुरू करू नका, त्रास वाढेल.

सारखं लघवीला आल्यासारखं वाटतं. हे काळजीमुळे असू शकतं का?

काळजीने भर पडते, हे खरं. पण ‘मनाचे खेळ’ म्हणून उडवून लावण्यासारखं हे नाही. एकदा त्रास झाला की आपलं सगळं लक्ष तिकडेच लागतं, बाहेर पडण्याआधी दोनदा जाऊन येतो, दर तासाला ‘बघू या’ म्हणून जातो. मूत्राशयाला मग थोडं साठलं तरी रिकामं व्हायची सवय लागते.

तीन दिवस एका वहीत लिहा: किती वाजता गेलात, साधारण किती झाली (जुना मापाचा कप वापरा), किती प्यायलात. दर वेळी ५०-६० मिलिलिटरच निघत असेल आणि रात्री शांत झोप लागत असेल, तर सवय हेच कारण असण्याची शक्यता वाढते. कल्चर स्वच्छ असेल तरच जाण्यामधलं अंतर दहा-पंधरा मिनिटांनी वाढवत न्या. ही वही डॉक्टरांनाही दाखवा. महागड्या तपासणीतून जे कळत नाही ते कधीकधी तिच्यातून कळतं.

पुरुषांना हे लागू आहे का?

थोडं वेगळं आहे. पुरुषांना लघवीचं इन्फेक्शन झालं तर कल्चर पहिल्यापासूनच करायला हवं आणि उपचार जरा जास्त दिवस चालतात. त्रास राहिला तर प्रोस्टेटचा, म्हणजे मूत्राशयाखालच्या पुरुषांमधल्या ग्रंथीचा, विचार होतो: बैठकीच्या जागी दुखणं, धार बारीक होणं, लघवी पूर्ण न झाल्यासारखं वाटणं. प्रोस्टेटमध्ये जंतू असतील तर दोन ते चार आठवडे औषध लागतं, पाच दिवसांत भागत नाही. इन्फेक्शनमध्ये पीएसए (प्रोस्टेटसाठीच्या रक्ततपासणीतला आकडा) वाढतो, त्यामुळे त्याच सुमारास केलेल्या तपासणीतला आकडा बघून कॅन्सरची धास्ती घेऊ नका. काही आठवड्यांनी पुन्हा करतात. चाळिशी उलटलेल्या, विशेषतः बिडी-सिगारेट ओढणाऱ्या माणसाच्या लघवीत न दुखता रक्त आलं, तर ते एकदाच येऊन थांबलं तरी यूरॉलॉजिस्टला दाखवा. बायकांनाही हेच लागू.

डायबेटिस आहे, साखर आटोक्यात आहे, तरी खालच्या बाजूला खाज-आग होते.

गोळ्यांची नावं बघा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साखर लघवीतून बाहेर टाकतात आणि त्या गोड लघवीमुळे बाहेरच्या भागात बुरशी होते. हृदयासाठी आणि किडनीसाठी या गोळ्या मोलाच्या आहेत, म्हणून परस्पर बंद करू नका. डॉक्टरांना सांगा. दर वेळी पाण्याने धुऊन कोरडं करण्यानेही बराच फरक पडतो.

गरोदर आहे. कोर्स संपला, आता बरं वाटतंय.

तरीही कल्चर पुन्हा करून घ्या. गरोदरपणात त्रास नसतानाही जंतू उरले तर ते किडनीपर्यंत पोचण्याचा धोका जास्त असतो, म्हणून इथे नियम वेगळा आहे. नायट्रोफ्युरँटॉइन शेवटच्या दिवसांत, बाळंतपण जवळ आल्यावर देत नाहीत. आधीच्या खेपेची उरलेली गोळी घेऊ नका.

ही नुसती उन्हाळी नसेल ना? धने-जिऱ्याचं पाणी घेतलं तर?

एप्रिल-मे महिन्यात पाणी कमी पडलं की लघवी घट्ट होते आणि जळजळते. भरपूर पाणी प्यायल्यावर ती त्याच दिवशी कमी होते. तसं झालं नाही, सारखं जावं लागतंय, वास येतोय, ओटीपोटात दुखतंय, तर ते इन्फेक्शन समजून तपासा. धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, ताक, कोकम सरबत जरूर घ्या. बरं वाटतं आणि पोटात पाणीही जातं. जंतू मात्र त्याने मरत नाहीत. किडनीचा आजार असेल तर नारळपाणी विचारल्याशिवाय नको, त्यात पोटॅशियम असतं. ब्लड प्रेशर असेल तर पाण्यात खायचा सोडा घालून पिऊ नका. क्रॅनबेरीने पुन्हा पुन्हा होणारी इन्फेक्शनं काही बायकांमध्ये कमी होतात, पण झालेलं इन्फेक्शन बरं होत नाही. स्वस्त फळ नाही ते. परवडत नसेल तर जिवाला लावून घेऊ नका.

पाणी किती प्यावं?

लघवी फिकट पिवळी राहील इतकं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, वरचेवर इन्फेक्शन होणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या बायकांनी रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायलं; वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला, इतरांना ३.२ वेळा. हृदय किंवा किडनीसाठी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल, तर तेच पाळा.

बरी झाले की महिन्याभरात पुन्हा तेच. असं किती वेळा चालेल?

दोन आठवड्यांच्या आत तोच जंतू परत दिसला तर तो मेलाच नव्हता, असं धरून औषध आणि कारण दोन्ही तपासतात. त्यानंतर झालं तर बहुधा नवीन इन्फेक्शन असतं. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झालं, तर त्याला वारंवार होणारं इन्फेक्शन म्हणतात आणि मग दर वेळी तात्पुरता कोर्स न देता प्रतिबंधाची नीट योजना आखावी लागते.

संबंधांनंतर लघवी करून यावी. शौचानंतर पुढून मागे धुवावं. आत साबण, डेटॉल, सुगंधी वॉश काहीही वापरू नये. त्रास पूर्ण थांबेपर्यंत संबंध टाळलेले बरे.

आणि लघवी धरून ठेवणं. आमच्याकडे येणाऱ्या एक शिक्षिका सकाळी सातला घरून निघाल्या की दुपारी दोनपर्यंत घोटभर पाणीही पीत नसत, कारण शाळेतल्या संडासाला कडी नव्हती. ट्रॅफिक पोलीस, एसटीच्या वाहक, बाजारात भाजी विकणाऱ्या, उसाच्या फडात राबणाऱ्या, सगळ्यांची हीच गत. मुंबईत २०११ साली बायकांनी ‘राइट टू पी’ची, म्हणजे लघवीच्या हक्काची, मोहीम सुरू केली ती याच कारणाने. त्या शिक्षिकेला मी काय औषध देणार? कडीसाठी मुख्याध्यापकांना चिठ्ठी लिहून दिली, दवाखान्याच्या लेटरहेडवर. तुमच्याही कामाच्या जागी असं असेल तर डॉक्टरांकडून तसं पत्र मागून घ्या.

कोणत्या डॉक्टरांकडे जाऊ आणि काय सोबत नेऊ?

सुरुवात फॅमिली डॉक्टरांपासून करा. पांढरं जाणं, पाळीनंतरचा कोरडेपणा किंवा गरोदरपण असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञ. रक्त, खडा, पुरुषांचा त्रास किंवा वारंवार इन्फेक्शन असेल तर यूरॉलॉजिस्ट. आतापर्यंत घेतलेल्या सगळ्या गोळ्यांची रिकामी पाकिटं न्या, जुने कल्चर रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या, आणि ती तीन दिवसांची वही. सकाळच्या वेळेला गेलात तर शक्यतो लघवी न करता जा, म्हणजे नमुना तिथेच देता येईल.